मानलेला हुकूम, न मानलेला हुकूम

धर्मपीठाने दिलेले दहा हुकूम असतील आणि माणसाने त्यांतले सहा पाळून चार बाजूला ठेवले, तर त्याला आज्ञाधारक म्हणावे की अवज्ञा करणारा? प्रश्न वरवर शब्दच्छलाचा वाटतो. पण जरा विचार केला तर असे दिसेल की जगातल्या बहुतेक श्रद्धावंतांचे जगणे या सहा आणि चारांच्या मध्येच कुठेतरी चाललेले असते. दहाच्या दहा पाळणारा विरळा, आणि दहाच्या दहा नाकारून पुन्हा त्याच धर्मात राहणारा त्याहून विरळा. आपण निवड करतो. ती कशाच्या जोरावर करतो, याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडत नाही.

या प्रश्नाचा विचार करायला शीख समाजाचा इतिहास फार उपयोगी आहे. तिथे हुकूम कोण देतो, कुठून देतो, तो मोडला तर काय होते, हे सगळे उघड्यावर घडते. अमृतसरला हरमंदिर साहिबच्या समोर अकाल तख्त उभे आहे. सहावे गुरू हरगोबिंद यांनी सतराव्या शतकाच्या आरंभी, १६०६ साली ते स्थापिले असे मानतात. हरमंदिरात ईश्वराचे स्मरण आणि समोरच्या तख्तावर पंथाचा न्याय, अशी ती रचना आहे. तख्तावरून निघालेला हुकूमनामा साऱ्या शीख जगताला उद्देशून असतो. मर्यादा मोडणारा 'तनखैया' ठरतो आणि त्याला जे प्रायश्चित्त मिळते त्याला 'तनखाह' म्हणतात. तनखाह म्हणजे खरे तर पगार. आपल्या जुन्या दप्तरांतला 'तनखा' या फारसी शब्दाचाच भाऊ. शिक्षेला पगार म्हणणारा हा शिपाईबाणा पंथाच्या वृत्तीशी मोठा जुळणारा आहे.

२ डिसेंबर २०२४ रोजी अकाल तख्तासमोर शिरोमणी अकाली दलाचे पुढारी सुखबीरसिंग बादल उभे राहिले; म्हणजे पाय मोडलेला असल्याने चाकाच्या खुर्चीत बसलेले होते. पंजाबचे हे माजी उपमुख्यमंत्री. आपल्या सरकारच्या काळातल्या चुका त्यांनी संगतीसमोर कबूल केल्या. गळ्यात पाटी, हातात भाला, अंगात सेवादाराचा पोशाख अशा वेषात दरवाजाशी बसणे, लंगरची भांडी घासणे अशी शिक्षा त्यांना झाली. त्यांचे वडील प्रकाशसिंग बादल २०२३ साली वारले होते. त्यांना २०११ साली दिलेली 'फख्र-ए-कौम' ही पदवीही काढून घेण्यात आली. दोनच दिवसांनी, पहारा देत बसलेल्या सुखबीरसिंगांवर गोळी झाडण्याचा प्रयत्न झाला. शेजारच्या पोलिसाने हल्लेखोराचा हात धरला म्हणून ते वाचले. त्यानंतरही त्यांनी शिक्षा पुरी केली.

पाहणाऱ्याला वाटावे, आज्ञापालन म्हणतात ते हेच. पण तख्ताचा हुकूम तेवढाच नव्हता. पक्षाची नवी सदस्यनोंदणी तख्ताने नेमलेल्या समितीच्या देखरेखीखाली व्हावी, असाही त्यात भाग होता. इथे पक्षाचा हात आखडला. धर्मपीठाच्या आदेशाने पक्ष चालतो असे झाले तर निवडणूक कायद्याखाली पक्षाची मान्यता जाईल, अशी अडचण पुढे करण्यात आली. पक्षाने आपली नोंदणी आपणच केली आणि एप्रिल २०२५ मध्ये सुखबीरसिंग पुन्हा अध्यक्ष झाले. समितीतले उरलेले सभासद वेगळे निघाले, त्यांनी स्वतंत्र नोंदणी केली आणि ऑगस्टमध्ये आपला निराळा अध्यक्ष निवडला. थोडक्यात, भांडी घासण्याचा हुकूम मानला गेला आणि पक्षाच्या किल्ल्या सोडण्याचा हुकूम बाजूला राहिला.

ही गोष्ट नवी नाही. सुरजितसिंग बर्नाला मुख्यमंत्री असताना १९८६ साली हरमंदिर साहिबच्या आवारात पोलीस शिरले. त्याबद्दल त्यांना जोडे पुसण्याची तनखाह लागली, ती त्यांनी निमूटपणे भोगली. पुढच्याच वर्षी त्या वेळचे जथेदार दर्शनसिंग यांनी सर्व अकाली गटांनी विसर्जित होऊन एक व्हावे असा हुकूम काढला. बर्नालांनी, हा राजकारणाचा विषय आहे, असे म्हणून तो नाकारला आणि ते पंथाबाहेर टाकले गेले. १९८८च्या अखेरीस ते परत आले तेव्हा त्यांना दोरीने खांबाला बांधून, गळ्यात पाटी घालून उभे करण्यात आले. आणि ज्या दर्शनसिंगांनी बर्नालांना बाहेर काढले, त्यांनाच २०१० साली अकाल तख्ताने पंथाबाहेर काढले. कारण वेगळे होते, दशम ग्रंथाविषयीच्या मतांचे. पण काढणारे पीठ तेच होते. काल ज्याने हुकूम दिला त्यालाच आज हुकूम न मानणारा ठरावे लागले.

आता मुळाकडे जाऊ, कारण मूळ आपल्या फार जवळ आहे. दहावे गुरू गोविंदसिंग यांचे निर्वाण १७०८ साली नांदेडला, गोदेकाठी झाले. देहधारी गुरूंची परंपरा तिथे त्यांनी संपवली. यापुढे गुरुपद ग्रंथाला आणि ग्रंथाभोवती जमलेल्या पंथाला. माणूस गुरू नाही. हा निर्णय जितका थोर, तितकाच पुढच्यांना अवघड. ग्रंथ बोलतो तो भक्तीविषयी, नम्रतेविषयी, नामाविषयी. कोणी कोणत्या पक्षात राहावे, पंचांग कोणते वापरावे, पंगतीला खुर्ची चालेल का, हे ग्रंथ सांगत नाही. ते कोणीतरी माणसानेच सांगायचे, आणि सांगणाऱ्या माणसाला गुरू तर म्हणायचे नाही! शीख परंपरेतली सारी ओढाताण या एका जागेवर येऊन थांबते.

गुरू गोविंदसिंगांना या अडचणीची जाण असावी, असे त्यांच्याविषयीच्या कथा वाचताना वाटते. १६९९ च्या वैशाखीला आनंदपुरात त्यांनी पाच जणांना अमृत दिले. त्या पाच प्याऱ्यांतला एक, साहिबसिंग, आपल्या बिदरचा, जातीने न्हावी. मग गुरूंनी त्याच पाचांपुढे हात जोडून स्वतः अमृत मागितले. देणारा घेणारा झाला. पुढे १७०४ साली चमकौरच्या गढीत वेढा पडला, तेव्हा उरलेल्या शिखांतल्या पाचांनी पंथाच्या नावाने गुरूंना गढी सोडून जाण्याची आज्ञा केली आणि गुरूंनी ती पाळली, असे परंपरा सांगते. तिसरी कथा याहून मार्मिक आहे. दक्षिणेकडे येताना राजस्थानात संत दादूंच्या समाधीपुढे गुरूंनी बाण कपाळाला लावून वंदन केले. समाधीपूजा शीख मर्यादेत बसत नाही. बरोबरच्या शिखांनी तिथल्या तिथे गुरूंना अडवले आणि दंड ठोठावला. गुरूंनी हसत हसत तो भरला आणि सांगितले की तुम्ही जागे आहात का, एवढेच मला पाहायचे होते.

या तिसऱ्या कथेत शीख आज्ञापालनाची कल्पना सगळी येऊन जाते. गुरूचे आचरणही मर्यादेच्या कसोटीला लावता येते, आणि तसे लावणारा शीख गुरूला प्रिय होतो. असे असेल तर जथेदाराच्या हुकमाला प्रश्न विचारणारा आपोआप बेइमान कसा ठरेल?

परंतु दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सगळेच निवडायला लागले तर पंथ उरत नाही, माणसांचा जमाव उरतो. तख्ताचा दरारा होता म्हणून तर सत्ताधीश वाकले. महाराजा रणजितसिंग मोरां नावाच्या नर्तकीशी संबंध ठेवतात म्हणून अकाली फुलासिंगांनी त्यांना चिंचेच्या झाडाला बांधून फटके मारण्याची शिक्षा सुनावली आणि पंजाबच्या त्या राजाने पाठ उघडी केली, ही कथा पंजाबात लहान मूलही सांगते. १९८४ साली देशाचे राष्ट्रपती असलेल्या ग्यानी झैलसिंगांनाही तख्ताने तनखैया ठरवले होते. राजाला, राष्ट्रपतीला जाब विचारणारी जागा जगात किती समाजांकडे आहे? ती जागा राखायची तर सामान्य शिखानेही, आपल्याला न पटलेला हुकूम पाळण्याची सवय ठेवली पाहिजे, असे म्हणणाऱ्याला आपण सहज उडवून लावू शकत नाही. पटेल तेवढेच पाळीन म्हणणारा खरे पाहता स्वतःचीच आज्ञा पाळत असतो. धर्मपीठाशी त्याचा संबंध योगायोगाचा. ही टीका खोटी नाही.

मग अडते कुठे? अडते ते हुकूम देणाऱ्याची नेमणूक कोण करतो, या साध्या प्रश्नाशी. १९२० साली शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि १९२५ च्या गुरुद्वारा कायद्याने तिला कायदेशीर बैठक मिळाली. ही समिती शीख मतदार निवडतात. म्हणजे निवडणूक आली, निवडणूक आली म्हणजे पक्ष आला. अकाल तख्ताच्या जथेदाराला नेमते आणि दूर करते ती हीच समिती, आणि तिच्यावर दीर्घ काळ अकाली दलाचे वर्चस्व राहिले आहे. १९९८ च्या अखेरीस प्रकाशसिंग बादल आणि गुरुचरणसिंग तोहरा यांच्यात फाटले. खालसाच्या तीनशेव्या वर्षाचा सोहळा होईपर्यंत दोघांनी जैसे थे राहावे, असा हुकूम जथेदार रणजितसिंग यांनी दिला. फेब्रुवारी १९९९ मध्ये रणजितसिंगच पदावरून गेले. त्यांच्या जागी आलेल्या पूरनसिंगांनी जानेवारी २००० मध्ये प्रबंधक समितीच्या अध्यक्षा बीबी जागीर कौर यांनाच पंथाबाहेर काढले. दोन महिन्यांत पूरनसिंग घरी गेले. आणि २ डिसेंबर २०२४ चा निर्णय देणारे ग्यानी रघबीरसिंग? मार्च २०२५ मध्ये समितीने त्यांनाही पदमुक्त केले.

न्यायाधीशाची नेमणूक आरोपीच्या हाती असावी, अशी ही घडण आहे. अशा ठिकाणी हुकूम निवडून पाळण्याची सुरुवात खालच्या सामान्य माणसाकडून होत नाही. ती वरूनच होते. सोयीचा हुकूम असेल तर तो तख्ताचा, गैरसोयीचा असेल तर तो अमक्या जथेदाराचा, अशी वाटणी वरच्यांनी केली की खालच्यांना धडा मिळतोच.

२०१५ ची घटना याचा कळस आहे. डेरा सच्चा सौदाच्या प्रमुखाने गुरू गोविंदसिंगांसारखा वेष केला म्हणून २००७ साली त्या डेऱ्यावर बहिष्काराचा हुकूमनामा निघाला होता. २४ सप्टेंबर २०१५ रोजी त्याला एकाएकी माफी जाहीर झाली. प्रबंधक समितीने माफीच्या समर्थनार्थ नव्वद लाखांहून अधिक रुपयांच्या जाहिराती दिल्या. पण संगतीने ती माफी स्वीकारली नाही. कोणा विद्वानाने सांगितले म्हणून नव्हे, गावागावांतल्या साध्या शेतकऱ्यांनी मान हलवली, 'हे आम्ही मानत नाही.' त्यातच १२ ऑक्टोबरला बरगाडी गावात ग्रंथाची विटंबना झाली, निदर्शने पेटली, बहबलकलां येथे पोलिसांच्या गोळीबारात दोघे मेले. १६ ऑक्टोबरला माफी मागे घेण्यात आली. अवघ्या तीन आठवड्यांत तख्ताचा निर्णय तख्तानेच फिरवला. नंतर, २०२४ साली बादलांना जी तनखाह झाली तिच्यात या माफीचा दोष मोठा होता. म्हणजे ज्यांनी २०१५ मध्ये तख्ताचे ऐकले नाही त्यांची बाजू नऊ वर्षांनी तख्तानेच उचलून धरली! त्या तीन आठवड्यांत आज्ञाधारक कोण होते?

इतिहासात याहूनही स्पष्ट उदाहरण आहे. सिंग सभेचे प्राध्यापक गुरमुखसिंग यांना १८८७ साली अकाल तख्तावरून बहिष्कृत करण्यात आले. तेव्हा तिथला कारभार इंग्रज सरकारने नेमलेल्या सरबराहाच्या हाती होता. शीख धर्म पुन्हा उजळावा म्हणून झटणाऱ्या या माणसावरचा बहिष्कार रीतसर उठायला १९९५ साल उजाडले. एकशे आठ वर्षे! आणि १२ ऑक्टोबर १९२० चा दिवस. नुकतेच अमृत घेतलेल्या, तथाकथित खालच्या जातींतल्या शिखांचा जथा कडाप्रसाद घेऊन हरमंदिरात आला. पुजाऱ्यांनी नकार दिला. वाद वाढला तेव्हा ग्रंथ उघडून कौल घेण्याचे ठरले आणि जे वचन निघाले ते आलेल्यांच्या बाजूचे होते. प्रसाद स्वीकारला गेला. मग संगत अकाल तख्ताकडे वळली, तर तिथले पुजारी तख्त तसेच सोडून निघून गेले. रिकाम्या तख्ताची राखण संगतीतल्या माणसांनी केली. त्यातूनच प्रबंधक समितीचा जन्म झाला. आज ज्या व्यवस्थेची आज्ञा पाळा म्हणून सांगितले जाते, ती व्यवस्थाच एका अवज्ञेच्या पोटी जन्मली आहे.

येथवर येऊन, 'तर मग ज्याला जे वाटेल ते त्याने पाळावे', असा निष्कर्ष काढणे सोपे होईल. पण तो चुकीचा होईल. दोन हुकूम शेजारी ठेवून पाहू.

एप्रिल १९९८ मध्ये तख्ताने हुकूम काढला की लंगर जमिनीवर बसूनच घ्यावा. कॅनडातल्या काही गुरुद्वाऱ्यांत टेबलखुर्च्यांवर जेवण्याची रीत बरीच वर्षे चालत आली होती. हुकूम न मानणाऱ्या काही पुढाऱ्यांना त्याच वर्षी पंथाबाहेर काढण्यात आले. गुरुद्वाऱ्यांत तट पडले, हाणामाऱ्या झाल्या, खटले चालले. खुर्चीवाल्यांचे म्हणणे, म्हाताऱ्यांचे गुडघे वाकत नाहीत, आणि सगळेच खुर्चीवर बसले तर समतेला कुठे धक्का लागतो? जमिनीवाल्यांचे म्हणणे, राजा आणि भिकारी एका मातीवर बसतात हाच पंगतीचा अर्थ. दोन्ही बाजूंना काही म्हणायचे होते.

दुसरा हुकूम २००१ सालचा, जथेदार जोगिंदरसिंग वेदांती यांच्या काळातला. गर्भातल्या मुलीची हत्या करणाऱ्याला पंथातून बहिष्कृत करावे, असा. 'कुडीमार' म्हणजे मुलगी मारणाऱ्याशी व्यवहार नको, ही तर जुन्या मर्यादेतलीच आज्ञा. या हुकमाविरुद्ध कोणीही चकार शब्द काढला नाही. तट पडले नाहीत, पंथ दुभंगला नाही. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेत पंजाबात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या ७९८. देशभरच्या शिखांत ७८६, साऱ्या धर्मसमाजांत सर्वांत कमी. २०११ मध्ये पंजाबचा आकडा ८४६ वर आला. सुधारणा झाली, तिच्यात कायद्याचाही वाटा असणार. पण हजाराला दीडशे मुली तरीही कमीच.

खुर्चीच्या हुकमावर रक्त सांडले आणि मुलीच्या हुकमावर एकमत झाले. ज्यावर भांडण झाले तो हुकूम निदान कोणीतरी मनावर घेतला होता. ज्यावर एकमत झाले तो मान डोलावून उंबऱ्याबाहेर ठेवला गेला. ही दुसऱ्या प्रकारची निवड अधिक भयंकर आहे, कारण तिला आवाज नसतो. तख्तासमोर उभे राहून 'हा हुकूम मला मान्य नाही' असे म्हणणारा बर्नालासारखा माणूस शिक्षेला पात्र ठरेल, पण त्याच्याशी बोलता येते. 'मान्य आहे, मान्य आहे' म्हणत दवाखान्याच्या मागच्या दाराने जाणाऱ्याशी कोणी काय बोलावे?

यावरून निवडीच्या प्रामाणिकपणाची एक खूण सापडते. नाकारलेल्या हुकमाची किंमत कोण मोजतो, ते पाहावे. १९२० च्या त्या जथ्याने नकार झुगारला तेव्हा अपमान, मारहाण यांची जोखीम त्यांनी स्वतः घेतली होती. मुलीच्या हुकमाकडे पाठ फिरवणाऱ्याच्या निवडीची किंमत ती मुलगी मोजते. अवज्ञेने माझे ओझे वाढत असेल तर ती विवेकाची असण्याचा संभव आहे. ओझे उतरत असेल तर ती बहुधा सोयीची. हा नियम बिनचूक नाही, पण स्वतःपुरता वापरायला पुरेसा आहे.

दुसरी खूण उघडपणाची. जो नाकारायचे ते संगतीसमोर नाकारतो, कारणे देतो आणि परिणामाला सामोरा जातो, तो पीठाला दुबळे करत नाही. दादूंच्या समाधीपुढच्या त्या शिखांसारखा त्याला जागे ठेवतो. तिसरी खूण सरसकटपणाची. हाच हुकूम माझ्या विरोधकाला लागू झाला असता तर मी तो मानायला लावला असता का? असता, तर मलाही तो लागू आहे. पंजाबच्या राजकारणातले किती हुकूम या तिसऱ्या चाळणीतून गळून पडतील, हे सांगायला नको.

आणि पीठाकडूनही काही मागणे रास्त आहे. १९४५ साली पक्क्या झालेल्या शीख रहत मर्यादेत मोठे शहाणपण साठवलेले आहे. पंथाचा गुरमता हा मूळ धर्मतत्त्वांच्या रक्षणापुरता असावा. बाकीच्या धार्मिक, सामाजिक, राजकीय बाबींवर फार तर साधा ठराव करावा, असा भेद तिच्यात केलेला आहे. माफी देताना संगतीने हट्ट धरू नये आणि शिक्षा घेताना दोषी माणसाने वाद घालू नये, असेही तिच्यात सांगितले आहे. म्हणजे कोणत्या गोष्टीला हुकमाचे वजन द्यायचे, याची निवड आधी पीठाने करायची आहे. पक्ष कोणी चालवावा यालाही तेच वजन आणि कुडीमाराशी संबंध नको यालाही तेच, असे झाले की नाणे घासून गुळगुळीत होते. कमी हुकूम देणाऱ्या पीठाचे हुकूम जास्त पाळले जातात, हा अनुभव सर्वच धर्मांतला आहे.

नांदेडचे उदाहरण इथे बोलके आहे. तिथले तख्त पाच तख्तांपैकी एक. त्याचा कारभार निजामी राज्य गेल्यानंतर हैदराबाद राज्याने केलेल्या १९५६ च्या स्वतंत्र कायद्याखाली आला. अमृतसरच्या समितीची सत्ता तिथे नाही. तिथली मर्यादाही वेगळी. गुरू ग्रंथ साहिबांबरोबर दशम ग्रंथाचाही प्रकाश होतो, आरती होते, काही प्रसंगी बोकड कापण्याची जुनी चाल आहे. यांतले कितीतरी अमृतसरच्या मर्यादेत बसत नाही. तरी पंजाबातून आगगाड्या भरभरून यात्रेकरू येतात, गोदावरीचे पाणी डोक्याला लावतात, तिथल्या रीतीने माथा टेकतात आणि घरी जाऊन अमृतसरच्या रीतीने वागतात. दोन रीतींत एकाच श्रद्धेने राहणे त्यांना साधते. आपल्या सीमाभागातल्या घरांत दोन भाषा जशा एका चुलीभोवती नांदतात, तसेच हे. प्रत्येक वेगळेपण म्हणजे बंड, असे मानायचे कारण नाही.

शीख समाजाकडे बोट दाखवून आपण मोकळे होऊ नये, म्हणून घरचे एक उदाहरण. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला. नावे छापून आली, ग्रामण्य उभे राहिले, शास्त्र्यांपुढे प्रकरण गेले. टिळकांनी काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी आधी दाद दिली नाही, पण मित्रांच्या घरातली माणसे वाळीत पडून हाल सोसतात हे पाहून १८९२ साली प्रायश्चित्त घेतले. सुधारकांनी त्यांना बोल लावले. रानड्यांचे चुकले की बरोबर, यावर आजही वाद घालता येईल. पण त्यांच्या वाकण्याने दुसऱ्याचे ओझे हलके झाले आणि स्वतःचे वाढले, हे विसरून तो वाद घालता येणार नाही.

शेवटी नामदेव. गुरू ग्रंथ साहिबांत त्यांची एकसष्ट पदे आहेत. पंजाबात गुरदासपूर जिल्ह्यातल्या घुमान गावी त्यांचे स्थान आहे, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरले होते. ज्या ग्रंथापुढे अकाल तख्ताचा जथेदारही माथा टेकवतो, त्या ग्रंथात नामदेवांची एक हकीकत त्यांच्याच शब्दांत आहे. जातीवरून त्यांना देवळातून उठवले गेले. आपल्याकडे ही कथा औंढा नागनाथाची म्हणून सांगतात. नामदेव भांडले नाहीत. घोंगडी उचलली, देवळामागे जाऊन बसले आणि तिथेच नाम घेऊ लागले. हाकलणाऱ्यांचा हुकूम त्यांनी पाळला. देव तुमचाच, हे मात्र मानले नाही. आणि देऊळ फिरले.

हाकलणाऱ्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. त्यांचा हुकूम त्या दिवशी तंतोतंत पाळला गेला होता, हेही खरे. पण शीख आजही ज्याचे शब्द गुरू म्हणून ऐकतो, तो मागे बसलेला शिंपी आहे.